सन्मानचिन्हांचे दुकान: घडण चोख, मजकूर मात्र स्वतः तपासावा

आमच्या वाचनालयातर्फे दरवर्षी एका नवोदित कवीला आणि विज्ञानप्रकल्प करणाऱ्या एका शाळकरी विद्यार्थ्याला पुरस्कार दिला जातो. यंदाची सन्मानचिन्हे नाशिकच्या शालिमार भागातील एका दुकानातून करून घेतली. सागवानी बैठक, तिच्यावर पितळी पत्रा आणि लेझरने कोरलेली अक्षरे असे हे चिन्ह प्रत्येकी ८५० रुपयांत मिळाले. बैठकीच्या कडा इतक्या नीट घासलेल्या आहेत की बोट फिरवले तरी कूस लागत नाही. घडणीबद्दल तक्रार नाही.

तक्रार मजकुराची आहे. दुकानातील नमुन्यांच्या वहीत कवी असो, शरीरसौष्ठवपटू असो वा पतसंस्थेचा संचालक, सर्वांना ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ याच दोन शब्दांत निरोप दिलेला आहे. आम्ही विद्यार्थ्यासाठी ‘वर्षभर दर रविवारी गोदावरीच्या पाण्याची गढूळता मोजून नोंदवल्याबद्दल’ असे लिहून दिले, तेव्हा ‘एवढे कोण वाचते, साहेब?’ असे उत्तर मिळाले. ज्याला मिळते तो वाचतो, आणि पुढे अनेक वर्षे वाचतो. आइनस्टाइन यांना १९२१ चे नोबेल देताना प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचा खास उल्लेख केला गेला, सापेक्षतेचा नव्हे. परीक्षकांनी काय पाहिले आणि काय टाळले, हे त्या एका ओळीमुळेच आजही कळते.

नवोदितांच्या बाबतीत तर ही ओळ अधिकच मोलाची ठरते. आपल्या कुसुमाग्रजांना १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांची पंचाहत्तरी झालेली होती, आणि त्या मानावर त्यांचे लेखन अवलंबून नव्हते, परंतु वि. स. खांडेकरांनी १९४२ मध्ये पदरमोड करून ‘विशाखा’ प्रसिद्ध केली, ती दाद कवीला ऐन तिशीत मिळाली होती. पंधरा वर्षांच्या मुलाला आपण नेमके काय चांगले केले हे कुणी सांगितले, तर पुढच्या रविवारीही तो घाटावर जाईल, एवढीच आमची अपेक्षा.

पहिल्या खेपेला ‘वर्षभर’मधला रफार ‘ष’ सोडून ‘भ’वर जाऊन बसला होता, फाँट बदलताना असे होते म्हणे. दुकानदारांनी वाद न घालता पत्रा नव्याने कोरून दिला, जादा पैसे घेतले नाहीत, मात्र त्यात चार दिवस गेले. म्हणून कार्यक्रमाआधी दहा दिवस हाताशी ठेवून जावे आणि कोरण्यापूर्वी कागदावरची छापील प्रत मागून घ्यावी.