एनव्हीएमई-सीएलआय: दवाखान्यातली एसएसडी पुसायला फुकटातलं आणि खडूस औजार

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नागपूरच्या धंतोलीत कॉम्प्युटर बदलायची घाई सुरू झाली. मी याच भागातल्या क्लिनिकचे, पॅथॉलॉजी लॅबचे आणि काही सोनोग्राफी सेंटरचे कॉम्प्युटर सांभाळते. सातव्या जनरेशनची आय-फाइव्ह मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, पण चालायला ठणठणीत असतात. मग डॉक्टरसाहेब म्हणतात, "उमरेडकडच्या एखाद्या शाळेत देऊन टाकू नं." द्या की. पण आतल्या एसएसडीवर, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हवर, पेशंटची नावं, फोन नंबर, एचआयव्हीचे रिपोर्ट, सगळं पडलेलं असतं.

बर्डीत हे काम करून देणारी दुकानं आहेत. एकाकडे एका क्लिनिकच्या ड्राइव्ह गेल्या होत्या, मीही सोबत होते. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, मिलिटरीवालं सॉफ्टवेअर हाय, सात पास मारून राहिलो. टेन्शनच नका घेऊ." वर रंगीत सर्टिफिकेटही दिलं. पास म्हणजे पूर्ण ड्राइव्हवर एकदा वरून लिहिणं. पोरगा प्रामाणिक होता, सात वेळा त्यानं खरंच मारलं असणार. अमेरिकी लष्कराच्या नावानं विकली जाणारी ही पद्धत फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कच्या काळातली आहे. तिथे ज्या जागी लिहा म्हटलं त्याच जागी लिहिलं जातं. एसएसडीत तसं होत नाही.

एसएसडीतला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप, हा कळमन्याच्या आडतीतला मुनीम. पोतं कुठल्या थप्पीला लावायचं ते तोच ठरवतो, आपल्या हातात नुसती चिठ्ठी. जुन्या फाइलवर नवं लिहायला सांगितलं की तो नवा मजकूर दुसऱ्याच रिकाम्या पानावर टाकतो आणि जुन्या पानावर 'रद्द' अशी खूण करतो. फ्लॅश चिपवर लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, म्हणून ही सोय. शिवाय २५६ जीबीच्या चिप बसवून ड्राइव्ह २४० ची म्हणून विकतात. मधली जागा कंट्रोलरच्या ताब्यात असते आणि विंडोजला ती दिसतच नाही. सात पास मारा नाहीतर पीटर गुटमननं १९९६ मध्ये हार्ड डिस्कसाठी सुचवलेले ३५ मारा, त्या कोपऱ्यात काय उरलं याची खात्री बाहेरून देता येत नाही. ड्राइव्ह तेवढी झिजते.

म्हणून पुसायला कंट्रोलरलाच सांगावं लागतं, आणि ते सांगायचं काम एनव्हीएमई-सीएलआय करतं. एनव्हीएमई हा नव्या एसएसडीचा प्रकार. लिनक्सवर चालणारं, फुकटातलं, खिडक्या-बटणं काही नसलेलं औजार. मी उबुंटूची पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करते, इंटरनेट जोडून हे टाकून घेते. 'लिस्ट' म्हटलं की ड्राइव्हचं मॉडेल आणि सीरियल नंबर दिसतो. तो नंबर कागदावर उतरवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा माझा नियम.

पुढे दोन वाटा. एक 'फॉरमॅट', सोबत सेस (कसं पुसायचं ते सांगणारा पर्याय) १ किंवा २ द्यायचा. १ म्हणजे सगळा डेटा पुसणं, २ म्हणजे ज्या चावीनं डेटा कुलूपबंद आहे ती चावीच फेकून देणं. हे न देता नुसतं फॉरमॅट केलं तर सुरक्षित पुसणं मागितलंच नाही असा अर्थ होतो, आणि औजार त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. इथे मी गुण कापते. नव्या आवृत्त्या निदान ड्राइव्हचं नाव दाखवून दहा सेकंद थांबतात, तेवढ्यात कंट्रोल-सी दाबून माघार घेता येते.

दुसरी वाट 'सॅनिटाइझ', आणि मला हीच जास्त भरवशाची वाटते. ही आज्ञा कॅश आणि लपलेल्या जागेसकट सगळ्याला लागू होते आणि एकदा सुरू झाली की मध्येच रद्द करता येत नाही. लाइट गेली तरी परत वीज आल्यावर ड्राइव्ह काम पुढे चालू करते. मे महिन्यात नागपुरात ट्रान्सफॉर्मर कसे बसतात हे ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत कळेल. आकडे मात्र पाठ करावे लागतात: २ म्हणजे ब्लॉक पुसणं, ३ म्हणजे वरून लिहिणं, ४ म्हणजे चावी फेकणं. काम कुठवर आलं हे विचारलं तर टक्के दाखवायचे सोडून ६५५३६ पैकी किती झालं ते सांगतं. डॉक्टर शेजारी उभे असले की हे समजावताना घाम फुटतो. सगळ्या ड्राइव्हला सॅनिटाइझ जमतंही नाही. आधी 'आयडी-कंट्रोलर'मध्ये सॅनिकॅप बघायचं, तिथे शून्य असेल तर फॉरमॅटवर भागवायचं.

त्रास देणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. काही लॅपटॉपमध्ये इंटेलचा रेड मोड (ड्राइव्ह इंटेलमार्फत हाताळायची सेटिंग) चालू असला की ड्राइव्ह यादीतच येत नाही, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन तो बदलून एएचसीआय हा साधा मोड करावा लागतो. यूएसबीच्या डबीत घालून पुसायचा प्रयत्न करू नका, बहुतेक डब्यांतून या आज्ञा पलीकडे पोचत नाहीत. साटा या जुन्या जोडणीवाल्या एसएसडीसाठी हे औजारच नाही, तिथे एचडीपार्म हे लिनक्सचं दुसरं औजार घ्या. ते कधी कधी ड्राइव्ह 'फ्रोझन' आहे म्हणून अडून बसतं, मग मशीन एकदा झोपवून उठवायचं. सॅमसंगचं मॅजिशियन हे सॉफ्टवेअर दिसायला छान आहे, पण सुरक्षित पुसायचं काम ते फक्त सॅमसंगच्याच ड्राइव्हवर करतं आणि दवाखान्यात पाच कंपन्यांची खिचडी असते. बायोसमध्येच पुसायची सोय असेल तर नवख्या माणसानं आधी तीच वापरावी.

पुसून झाल्यावर सगळीकडे शून्य दिसलं म्हणून मी लगेच निर्धास्त होत नाही. चिपमध्ये जुनं काही पडलेलं असलं तरी कंट्रोलर शून्य दाखवू शकतो. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी बारा एसएसडी घेऊन चिप थेट वाचल्या. त्या काळच्या साटाच्या सुरक्षित पुसण्याच्या आज्ञेवर एका ड्राइव्हनं 'काम झालं' असं कळवलं होतं आणि डेटा जसाच्या तसा होता. सुटी फाइल पुसायच्या पद्धती तर सगळ्याच फसल्या. तेव्हापासून फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) सुधारलं आहे, पण शेवटी शब्द कंट्रोलरचाच, आणि हे औजार तो शब्द आपल्यापर्यंत पोचवतं एवढंच. म्हणून नव्या मशीनवर मी पहिल्याच दिवशी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन, लावते. त्यासाठी विंडोज प्रो घ्यायला लावते, डॉक्टर कुरकुरतात.

पाचपैकी चार. ज्याला काळ्या पडद्यावर टाइप करायची भीती वाटते त्यानं याच्या नादी लागू नये, चुकीच्या ड्राइव्हचं नाव दिलं तर हे बिनतक्रार तीच पुसेल. आणि आधी बॅकअप. सोनोग्राफीवाल्यांनी तर खास, कारण गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालचे एफ फॉर्म दोन वर्षं जपून ठेवावे लागतात.

सोनोग्राफी आणि एचआयव्हीचा डेटा असलेल्या ड्राइव्ह मी यानंतरही कोणाला देत नाही. सॅनिटाइझ करते, मग झाकण काढून एकेक काळी चिप हातोड्यानं फोडते. सर्किटच्या पाटीला एखादं भोक पाडून भागत नाही, प्रत्येक चिप फुटली पाहिजे, आणि चुंबकाचा तर इथे काहीच उपयोग नाही. तुकडे अधिकृत ई-कचरावाल्याकडे जातात. शाळेला मशीन नव्या ड्राइव्हसकट जाते, आणि त्या ड्राइव्हचे पैसे मी डॉक्टरांच्याच बिलात लावते.