जड धातूंची माती टेस्ट: काम चोख, पण पॅकेज अर्धवट

जमिनीत कॅडमियम, शिसं असेल तर खायचं पीक नको, धाग्याचं (जवस, भांग, कापूस असं) घेऊ असं ठरवून एका लॅबला माती आणि नंतर पीक, दोन्ही तपासायला दिलं. नाव टाकत नाहीये कारण तक्रार आहे.

आधी चांगलं सांगतो. नमुना कसा घ्यायचा ते नीट लिहून देतात: वरची १५-२० सेंमी माती घ्या, प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा, जस्ताचा मुलामा असलेली बादली अजिबात नको कारण तेच जस्त नमुन्यात उतरतं. एवढं कोण सांगतं हो!

आता वैताग. बेसिक पॅकेजमध्ये फक्त एकूण धातू मिळतात, म्हणजे माती ॲसिडमध्ये उकळून जेवढं निघालं तेवढं. त्यातलं झाडाला किती मिळणार हे त्यावरून कळतच नाही, त्याला सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी ते) आणि डीटीपीए (झाडाला मिळू शकेल तेवढाच धातू मोजणारी) टेस्ट लागते कारण आम्लधर्मी मातीत कॅडमियम मोकळं सुटतं आणि चुनखडीच्या जमिनीत तेवढंच कॅडमियम बऱ्यापैकी गप्प बसतं. ह्या दोन्ही टेस्ट वेगळ्या, फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात. विचारलं तर म्हणे "तुम्ही टिक केलं नाही". अरे मग पॅकेज कशाला म्हणता?

पैसे वसूल झाले ते पिकाच्या टेस्टमध्ये. पानं, बी, धागा सगळं वेगवेगळं दळतात, आणि त्याआधी धुतात, नाहीतर पानावरच्या धुळीनेच शिशाचा आकडा फुगतो. जवस लावणाऱ्यांनी बी तपासल्याशिवाय तेलाला किंवा पेंडीला देऊ नका, कॅडमियम बियांपर्यंत जातं. बल्गेरियात प्लोवदिवच्या धातू कारखान्याजवळ जवस, भांग, कापूस लावून बघितलेत, त्यात धातू ओढण्यात जवसच पुढे होतं.

धागा कपड्यासाठी जाणार असेल तर इथंही तीच गंमत. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० (कापडात घातक पदार्थ नाहीत याचं सर्टिफिकेट) मध्ये कॅडमियमची ०.१ मिग्रॅ प्रति किलो ही मर्यादा कृत्रिम घामात सुटणाऱ्या कॅडमियमला आहे आणि ही लॅब देते एकूण, म्हणजे खरेदीदाराला दाखवायला परत दुसरी टेस्ट.

रिपोर्टखाली "या पिकामुळे जमीन शुद्ध होते" असं छापलंय ते मनावर घेऊ नका, निव्वळ मार्केटिंग. खोडाबरोबर जातं ते तुटपुंजं, गळलेल्या पानांतलं परत मातीतच. आणि धागा सुटा करायला खोडं पाण्यात कुजवणार असाल तर ते पाणीही तपासून घ्या, तसंच नाल्यात सोडू नका.

साडेतीन स्टार. सामू आणि डीटीपीएवर टिक करूनच फॉर्म द्या.