संसद टीव्ही आणि संसदेचं ऑनलाइन रेकॉर्ड: फुकट आहे, वापरा

राजकारणावर तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने ही सेवा वापरायला पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे. पैसे शून्य, तरी लोक न्यूज चॅनलच्या आरडाओरडीवर आणि तीस सेकंदांच्या रीलवर मतं बनवतात, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. लोकसभा टीव्ही २००६ ला सुरू झालं, राज्यसभा टीव्ही २०११ ला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दोन्ही मिळून संसद टीव्ही झालं. अधिवेशन असलं की दोन्ही सभागृहं लाइव्ह दिसतात, यूट्यूबवर रेकॉर्डिंग मिळतं, आणि संसदेच्या डिजिटल लायब्ररीत पार पहिल्या लोकसभेपासूनची भाषणं लेखी वाचायला मिळतात.

लाइव्हमध्ये बराच वेळ गदारोळ आणि तहकुबी, ते सोडून दिलं तरी चालेल. खरा माल जुन्या रेकॉर्डमध्ये आहे. एक विषय धरायचा आणि एकाच पक्षाचं सत्तेतलं भाषण आणि विरोधातलं भाषण शेजारी शेजारी ठेवून वाचायचं. एवढं केलं तरी दोन्हीकडचा आव गळून पडतो, आणि हे मी कुठल्या एका पक्षाबद्दल बोलत नाहीये.

सुरुवात करायची असेल तर डिसेंबर २०१२ ची किरकोळ व्यापारातल्या परदेशी गुंतवणुकीवरची लोकसभेतली चर्चा काढा, मला विचाराल तर ही एक चर्चा वाचली तरी आपल्या संसदेचं निम्मं राजकारण कळतं. सुषमा स्वराज विरोधी पक्षनेत्या होत्या, ही परवानगी मागे घ्या असा ठराव त्यांचाच होता, आणि त्यांनी आडत्यांची (बाजार समितीत शेतमाल विकून देणाऱ्या दलालांची) बाजू घेतली होती, आडत्या म्हणजे शेतकऱ्याचं पारंपरिक एटीएम असा त्यांचा मुद्दा. सत्तेतले काँग्रेसवाले तेव्हा सांगत होते की मधल्या दलालांमुळे शेतकऱ्याच्या हातात काही पडत नाही. आता सप्टेंबर २०२० ची कृषी विधेयकांवरची चर्चा उघडा, भाजप दलालांच्या विरोधात आणि काँग्रेस बाजार समित्या वाचवायला उभी, आणि त्याच काँग्रेसने २०१९ च्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करू असं लिहून दिलं होतं! मत बदलायला कुणाची ना नाही, पण का बदललं ते सभागृहात उभं राहून सांगा ना, ते कुणीच सांगत नाही.

२०१२ च्या त्या चर्चेतलं मतदान तर नीट बघाच. समाजवादी पक्ष आणि बसप दोघेही परदेशी दुकानांच्या विरोधात बोलले आणि मतदानाची वेळ आल्यावर सभात्याग करून निघून गेले. ठराव २१८ विरुद्ध २५३ असा पडला. या दोन पक्षांचे मिळून ४३ खासदार होते, ते बाकावर बसून आपल्याच भाषणाप्रमाणे बटण दाबते तर सरकार हरलं असतं. म्हणजे भाषण मतदारांसाठी आणि सभात्याग सरकारसाठी.

कामकाज बंद पाडण्याचंही तेच. २०१० चं हिवाळी अधिवेशन टूजी (मोबाइल स्पेक्ट्रम वाटप) प्रकरणात जेपीसी (संयुक्त संसदीय समिती) पाहिजे म्हणून जवळजवळ सगळं पाण्यात गेलं, तेव्हा भाजपचे अरुण जेटली म्हणायचे की संसद अडवणं लोकशाहीविरोधी नाही. २०१८ ला काँग्रेस आणि इतरांनी तेच केलं तर एनडीएच्या (भाजप आघाडीच्या) खासदारांनी २३ दिवसांचा पगार सोडला आणि पंतप्रधान उपोषणाला बसले. निलंबनाचं बघा, डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार बाहेर काढले गेले, काँग्रेसने लोकशाहीचा गळा घोटला म्हणून टाहो फोडला, आणि तो प्रकार वाईटच होता, पण १९८९ ला काँग्रेसच्या राज्यात एका दिवशी ६३ जण निलंबित झाले होते ते काय होतं?

आपल्या मराठी मंडळींनी यातून सुटलो असं समजू नये. डिसेंबर २०१९ ला नागरिकत्व विधेयकावर शिवसेनेने लोकसभेत बाजूने मतदान केलं आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग. महिला आरक्षणाचं तर मला फार लागतं. मार्च २०१० मध्ये राज्यसभेत १८६ विरुद्ध १ ने मंजूर झालं, ते एक विरोधी मत शरद जोशींचं. मला त्यांचं मत पटत नाही पण माणूस उघडपणे विरोधात उभा राहिला. मत दिलेले बाकी सगळे बाजूने, तरी यूपीएने (काँग्रेस आघाडीने) ते लोकसभेत आणलंच नाही आणि नंतर भाजपने बहुमत असून २०२३ पर्यंत थांबवलं. मग ४५४ विरुद्ध २ ने मंजूर, भाषणांचा पाऊस, आणि अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. ओबीसी महिलांचा कोटा का नाही असं काँग्रेसने तेव्हा विचारलं, २०१० ला स्वतःच्या विधेयकात तो नव्हता (राहुल गांधींनी याची खंत नंतर जाहीर बोलून दाखवली, ते मात्र बरं केलं). पुढच्याच निवडणुकीत लोकसभेत किती बायका आल्या तर ७४. महाराष्ट्रातून ४८ पैकी ७. तिकिटं तर पक्षांच्याच हातात होती ना?

आता सेवेतल्या उणिवा. गोंधळ सुरू झाला की कॅमेरा अध्यक्षांवर जातो आणि हौद्यात (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) काय चाललंय ते प्रेक्षकाला दिसत नाही. २०२३ च्या अविश्वास ठरावावर राहुल गांधी बोलताना कॅमेरा त्यांच्यावर कमी आणि अध्यक्षांवर जास्त होता अशी काँग्रेसची तक्रार होती. फेब्रुवारी २०१४ ला काँग्रेसचं सरकार असताना तेलंगण विधेयकाच्या वेळी प्रक्षेपणच बंद पडलं होतं आणि तेव्हा तक्रार भाजपची होती. लेखी रेकॉर्डमध्येही भाषणाच्या मध्ये मध्ये नुसतं (व्यवधान), (व्यवधान) छापलेलं असतं, कोण काय ओरडलं ते समजत नाही, आणि कामकाजातून काढलेल्या शब्दांच्या जागी फुली.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे मतं. खासदाराच्या पानावर त्याचे प्रश्न आणि भाषणं सापडतात, पण त्याने कुठल्या विधेयकावर कसं मतदान केलं याची यादी तिथे नाही. बरीचशी विधेयकं आवाजी मतदानाने जातात त्यामुळे नोंदच होत नाही, कृषी विधेयकांच्या वेळी राज्यसभेत विरोधक मतविभाजन (मोजून नोंद होणारं मतदान) मागत होते तरी आवाजीवरच काम झालं. त्यात व्हिप (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाऊ शकते. मग माझ्या खासदाराला मी जाब विचारायचा तो कशावरून?

पाचपैकी साडेतीन स्टार. प्रत्येक विधेयकाचं मतविभाजन करून नावानिशी मतं साइटवर टाकली तर पाच देईन. तोवर एवढं करा, पुढच्या वेळी कुणी क्लिप पाठवली की त्याच नेत्याचं बाकं बदलण्याआधीचं भाषण शोधा आणि त्याच ग्रुपवर टाका, आपल्या आवडत्या पक्षाचं असलं तरी.