परसबाग आखताना: वेगळे वाफे की मिश्र लागवड?

घरामागे १० बाय १२ फुटांची उन्हाची जागा आहे आणि दसऱ्यानंतर भाजी लावायची आहे. एका वाफ्यात एकच भाजी घ्यावी, की एकमेकींना साथ देणाऱ्या भाज्या एकत्र लावाव्यात? आखणी दोन्हींसाठी सारखीच: ३ फूट रुंदीचे तीन वाफे आणि मधे दीड-दीड फुटाच्या दोन वाटा. वाफा याहून रुंद केला की मध्यापर्यंत हात पोचत नाही, मग आत पाय पडतो आणि माती घट्ट होते.

वेगळे वाफे सोपे पडतात. पाणी, खत, खुरपणी त्या एकाच पिकाच्या गरजेप्रमाणे करता येते. फेरपालटही लक्षात राहते. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा एकाच कुळातले. यंदा टोमॅटो घेतले तिथे पुढच्या हंगामात वांगी न लावता घेवडा किंवा पालक घ्यावा. पण अशा वाफ्यात कीड शिरली की तिला सगळं खाद्य एकाच जागी मिळतं. शिवाय कोबीची रोपं दीड फुटावर लावल्यावर सुरुवातीला मधली जागा रिकामीच राहते आणि तिथे तण माजतं.

मिश्र लागवडीत त्याच रिकाम्या जागेत मेथी किंवा मुळा येतो. मेथी महिन्याभरात, मुळा सव्वा-दीड महिन्यात काढून होतो, तोवर कोबीला पसरायला जागा लागलेली नसते. आपल्याकडे शेतात इरवड घेतात, ज्वारीत किंवा कपाशीत तूर असते, त्यातलाच हा विचार आहे.

खरा फरक पडतो तो सापळा पिकांनी, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. टोमॅटोजवळ झेंडू लावला की कीड पळते, असं समजतात. होतं उलटं. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूकडे ओढली जाते आणि तिथे अंडी घालते. त्यासाठी झेंडू वेळेवर फुलायला हवा, म्हणून टोमॅटोची २५ दिवसांची रोपं लावताना आफ्रिकन झेंडूची रोपं ४० दिवसांची घेतात. मग अळ्या लागलेल्या कळ्या तोडून नष्ट करायच्या. ते केलं नाही तर आपणच कीड पोसतो. कोबीभोवतीच्या मोहरीचंही तसंच. चौकोनी ठिपक्यांचा पतंग तिच्याकडे जातो, पण मोहरी कोबीच्या आधी १५ दिवस पेरलेली हवी आणि तिच्यावरच्या अळ्या वेचायला हव्यात.

चवळी-घेवड्याकडून मात्र लगेच फार अपेक्षा नको. मुळांवरच्या गाठींतलं नत्र शेजारच्या झाडाला त्याच हंगामात थोडंच मिळतं. शेंगा संपल्यावर झाड उपटू नये, जमिनीलगत कापावं. मुळं कुजली की पुढच्या पिकाला खरा फायदा होतो.

रोज सकाळी बागेत चक्कर मारून पानं उलटून बघणार असाल, तर मिश्र लागवडच करा, असं मी मनापासून सांगेन. एवढ्याशा जागेतून तीच जास्त प्रकारची भाजी देते. आठवड्यातून एकदाच वेळ मिळत असेल तर वेगळे वाफे बरे, कारण दुर्लक्षित सापळा पीक नसलेल्यापेक्षा वाईट. पहिलंच वर्ष असेल तर एक वाफा मिश्र करून दोन साधे ठेवा.

मिश्र वाफ्यात सोबत ठरवताना आधी पाणी बघा. मिरचीच्या मुळाशी पाणी साचून चालत नाही. अळू आणि पुदिना ओलीवर वाढतात, त्यांना न्हाणीच्या पाण्याजवळ जागा द्या. वालाचा किंवा दुधीचा मांडव उत्तरेच्या कडेला घाला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावली वाफ्यांवर पडत नाही. आणि कोथिंबीर सगळी खुडू नका. दोन-चार झाडं फुलू द्या, त्या फुलांवर सिरफिड माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात.