शांघायचा हिवाळा आणि चमचाभर गाओफांग : चिनी वैद्यकाच्या एका रुग्णालयातील चार महिने

शांघायमध्ये नोव्हेंबर लागला, की चिनी वैद्यकाच्या रुग्णालयांत ‘गाओफांग’च्या नोंदणीचे फलक झळकू लागतात आणि माझ्या कार्यालयातली पन्नाशीपुढची मंडळी यंदा कोणत्या डॉक्टरांची वेळ मिळाली, हे एकमेकांना विचारू लागतात. गाओफांग हा आपल्या अवलेहाचा चुलतभाऊ म्हणता येईल. वनस्पती उकळून, आटवून केलेला हा काळाभोर, घट्ट पाक साधारणपणे हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापासून फेब्रुवारीच्या आरंभी येणाऱ्या ‘लीछुन’पर्यंत (चिनी पंचांगातल्या वसंतारंभापर्यंत), म्हणजे सुमारे दीड महिना, रोज सकाळी रिकाम्या पोटी चमचाभर कोमट पाण्यात घोळून घेतात. च्यवनप्राशाची बरणी घरातल्या सगळ्यांना चालते. गाओफांग मात्र एका माणसाची नाडी आणि जीभ पाहून त्याच्यापुरताच लिहिला जातो आणि त्यात तीस-चाळीस द्रव्ये सहज असतात. सहा वर्षे हा सोहळा बाहेरून पाहिल्यावर गेल्या हिवाळ्यात मीही नाव नोंदवले. रक्तदाबासाठी मी आठ वर्षे ॲम्लोडिपिन घेते, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे आणि कंबर जुनी दुखरी आहे. दीर्घकाळ सांभाळावयाच्या दुखण्यांना ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढेच मला पाहावयाचे होते.

पहिल्या भेटीबद्दल मात्र मनापासून चांगले लिहावे लागेल. साठीच्या डॉक्टर बाईंनी टेबलावरच्या छोट्या निळ्या उशीवर माझे मनगट ठेवून दोन्ही हातांची नाडी तीन-तीन बोटांनी पाहिली, कधी हलकेच तर कधी दाबून. मग जीभ पाहिली आणि तिच्या कडांवर दातांचे ठसे आहेत हे आरशात मलाही दाखवले. त्यांच्या शास्त्रात ही प्लीहेच्या दुर्बलतेची खूण मानतात, आणि ही ‘प्लीहा’ शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसणारा अवयव नसून पचनाचा सगळा व्यवहार सांभाळणारी एक कल्पना आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे बोलणे समजते. पायांचे तळवे गार पडतात का, पहाटे किती वाजता जाग येते, तहान लागते ती गरम पाण्याची की थंड, असे प्रश्न चालू असतानाच संगणकावर माझे रक्ताचे अहवालही उघडलेले होते. पंचवीस मिनिटे गेली. वैद्यांकडे जाण्याची ज्यांना सवय आहे, त्या मराठी माणसाला या खोलीत परके वाटणार नाही.

या साऱ्यामागचे तत्त्व फार जुने आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेईजिंग’ या ग्रंथात ‘ज वेई बिंग’, म्हणजे रोग होण्याआधीच त्यावर उपाय करणे, हे उत्तम वैद्याचे लक्षण सांगितले आहे. रोग जडल्यावर औषध देणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे, अशी उपमाही तेथेच आहे. आपली म्हण जशीच्या तशी तेथे भेटल्यावर मला हसू आले. अर्थात, उपमा चपखल असली म्हणजे औषध लागू पडतेच असे नाही.

गाओफांगाआधी दोन आठवडे ‘खायलू फांग’ नावाचा काढा देतात. पोट जड औषध पचवेल का, याची ती चाचणी असते. काढा घरी उकळण्याची गरज नाही. रुग्णालयाचे यंत्र तो उकळून प्लॅस्टिकच्या बंद पाकिटांत भरते आणि कुरिअरवाला दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस पाकिटे दारात आणून देतो, त्यातली काही अजून कोमट असतात. नेमका येथेच माझ्या बाबतीत घोळ झाला. काढ्याची चिठ्ठी बाईंनी नव्हे, तर बाहेर बसलेल्या कनिष्ठ डॉक्टरांनी लिहिली आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे का, हे त्यांनी विचारले नाही. त्या चिठ्ठीत दहा ग्रॅम ‘गानत्साओ’ होते. गानत्साओ म्हणजे आपला ज्येष्ठमध. बहुतेक चिनी काढ्यांत तो इतर द्रव्यांचा मेळ घालण्यासाठी असतोच. परंतु त्यातील ग्लायसिऱ्हायझिनमुळे मूत्रपिंडातील एका विकराचे काम अडते, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तदाब चढतो. दहाव्या दिवशी एरवी १३२ वर ८४ असणारा माझा दाब १५० वर ९२ झाला, घोटे सुजले आणि तपासणीत पोटॅशियम ३.३ पर्यंत घसरलेले आले. ॲम्लोडिपिननेही घोटे सुजतात, त्यामुळे सगळे खापर एकट्या ज्येष्ठमधावर फोडणे योग्य नाही. पण काढा थांबवल्यावर तीन आठवड्यांत आकडे जागेवर आले, ही गोष्ट मी कशी विसरावी? बाईंनी चूक न झाकता कबूल केली, पुढच्या चिठ्ठीतून ज्येष्ठमध काढून टाकला आणि आठवड्याला दोन वेळा दाब मोजून कळवण्यास सांगितले. काढ्याचे ६२० युआन मात्र कोणी परत केले नाहीत.

पाक रटरटतो ती जागा पाहण्यासारखी आहे. काचेआड मोठमोठ्या पातेल्यांत रात्रभर भिजवलेली द्रव्ये दोन-तीनदा उकळून गाळतात, तो अर्क आटवतात, आणि मग तांदळाच्या पिवळ्या दारूत भिजवलेला ‘अच्याओ’, म्हणजे गाढवाच्या कातड्याचा सरस, त्यात विरघळवतात. कारागीर लाकडी उलथणे वर उचलून पाहतो. पाक थेंबाथेंबाने न गळता कडेला त्रिकोणी निशाणासारखा लोंबला, की तो झाला असे समजतात. आपल्याकडची एकतारी-दोनतारी पाहणारी आजी या माणसाशी भाषेवाचून तासभर बोलली असती. शाकाहारी वाचकांनी हे वाचून दचकू नये, कारण प्राणिज सरसाशिवायचा ‘सूगाओ’ मागता येतो. मीही तोच घेतला. मात्र सरस नसला की पाक घट्ट करण्यासाठी साखर किंवा मध वाढवतात, आणि साखर उंबरठ्यावर असलेल्या माणसाने हा प्रश्न स्वतःहून काढला पाहिजे. मी तो काढला, तेव्हा खडीसाखरेऐवजी झायलिटॉल वापरण्यात आले. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मधुमेही आजोबांना मात्र कोणी विचारल्याचे ऐकू आले नाही.

या पाकाचे ३,८६० युआन झाले, तेही पदरचे. पंचेचाळीस दिवस नेमाने घेतला. सर्दी झाली तेव्हा सांगितल्याप्रमाणे पाच दिवस बंद ठेवला, मुळा आणि कडक चहा टाळला. झोप सुधारली, पाय कमी गार पडले. रक्तदाब गोळीवर होता तसाच राहिला, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.२ वरून ६.१ झाला, आणि एवढा फरक तर रात्रीचे जेवण लवकर घेतल्यानेही पडतो. बाईंनी तेही करायला लावले होते. पुढचा हिवाळा निरोगी जाईल, या आश्वासनाची परीक्षा एका माणसावर आणि एका हिवाळ्यात होऊ शकत नाही. त्यामुळे गाओफांगाला मी स्वादिष्ट, महाग आणि अनिर्णित असे तीन शब्द देईन.

कंबरेसाठी घेतलेल्या ॲक्युपंक्चरच्या सुयांच्या दहा बैठकींबद्दल माझे मत याहून बरेच चांगले आहे. प्रत्येकी १८० युआन लागले. सुई टोचताना मुंगीएवढे जाणवते, मग खोलवर एक जडपणा पसरतो, त्याची वाट डॉक्टरही पाहत असतात. सहाव्या बैठकीनंतर मी वाकून बुटाची नाडी बांधू शकले. तरीही येथे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीची आठवण ठेवावी लागते. जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांपैकी ठरलेल्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांत ४७.६ टक्के, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांत ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांत २७.४ टक्के लोकांना गुण आला. म्हणजे सुयांनी फायदा होतो, पण बिंदूंच्या नकाशाचे त्यातले श्रेय फार थोडे दिसते. माझ्या डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमची कंबर वाकली ना?” उत्तर चलाख होते, माझ्या शंकेचे मात्र नव्हते.

चिनी औषधांना पुरावाच नाही, असे सरसकट म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांनी जुन्या चिनी ग्रंथातील नोंदीचा माग काढत आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचे औषध शोधले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण तो शुद्ध केलेला, मोजून दिलेला एकच रेणू आहे, तीस द्रव्यांचा पाक नव्हे. दुसऱ्या बाजूला ‘ग्वान मूथोंग’ ही वनस्पती आहे. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात आणि कर्करोगही होतो, हे कळल्यावर चीनने २००३ मध्ये तिचा औषधी वापर रद्द केला. नैसर्गिक असल्याने अपाय नाही, हे वाक्य या रुग्णालयाच्या माहितीपत्रकातही छापलेले आहे, आणि ते तेथून काढले पाहिजे.

येथे जावयाचे असेल, तर चालू गोळ्यांची यादी चिनी लिपीत लिहून प्रत्येक टेबलावर पुन्हा दाखवा, कारण एका खोलीत सांगितलेले दुसऱ्या खोलीत पोचत नाही. रक्त पातळ करण्याची वॉरफरिन ही गोळी घेणाऱ्यांनी ‘दानशेन’ आणि ‘दांगग्वेई’ या द्रव्यांची नावे पाठ करून जावे. दोन्हींमुळे तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. चिठ्ठीची प्रत मागितली की विनातक्रार देतात, आणि तिच्यात प्रत्येक द्रव्य ग्रॅमसह लिहिलेले असते. ही पारदर्शकता मला फार आवडली. ती प्रत मी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनाही दाखवते.

या नोव्हेंबरात मी बाईंकडे नाडी दाखवायला आणि कंबरेला सुया घ्यायला जाणार आहे. पाकाची मागणी नोंदवलेली नाही. गेल्या वर्षीची उरलेली पाकिटे फ्रीजच्या दारात तशीच पडली आहेत.