मारुती सुझुकी जिमनी: नाक दिसतं, पाठ दिसत नाही

हॅचबॅकमधून उतरून जिमनीत बसलं की आधी नजरेत भरतं ते बॉनेट. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काच संपली की पुढचा पत्रा उतारावरून घरंगळत दिसेनासा होतो आणि गाडी कुठे संपते हे अंदाजपंचे ठरवावं लागतं. जिमनीचं बॉनेट पाटासारखं सपाट आहे, त्याच्या दोन्ही कडा वर उचललेल्या आहेत आणि बेताच्या उंचीच्या चालकालाही त्या जवळजवळ टोकापर्यंत दिसतात. पुढच्या दाराच्या काचेची खालची रेघ आरशापाशी मुद्दाम खाली आणली आहे, त्यामुळे शेजारची कडही थोडी जास्त दिसते. रानवाटेवर चाक कुठे पडतंय हे कळावं म्हणून केलेली ही रचना सोसायटीच्या पार्किंगमध्येही तितकीच उपयोगी पडते.

आकड्यांत सांगायचं तर पाच दारांची जिमनी 3985 मिमी लांब आणि 1645 मिमी रुंद आहे. मारुतीचीच हॅचबॅक बलेनो 3990 आणि 1745. लांबी सारखीच, रुंदी मात्र 10 सेंमी कमी. पार्किंगच्या अडीच मीटर रुंदीच्या खणात गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना 42-43 सेंमी उरतात, बलेनोला 37-38. यात आरसे धरलेले नाहीत. पाच सेंमी ऐकायला किरकोळ वाटतात, पण खांबाला चिकटून दार उघडताना तेवढ्यावरच सगळं असतं.

पण बॉनेट दिसतं म्हणून बंपरसमोरची जमीनही दिसते असं नाही, आणि इथेच नव्या मालकांची फसगत होते. सपाट आणि उंच बॉनेट कोपरे दाखवतं, पण त्याच्या पुढ्यातलं झाकतं. समजा तुमचे डोळे जमिनीपासून 150 सेंमीवर आहेत, बॉनेटची पुढची कड 105 सेंमीवर आहे आणि दोघांत आडवं अंतर 160 सेंमी आहे. मग नजर जमिनीला टेकते ती कडेच्या पावणेचार मीटर पुढे. त्याच्या अलीकडे बसलेलं कुत्रं, फरशीचा ढीग, पार्किंगचा बुटका खुंट यांतलं काही दिसणार नाही. समोर सेन्सर नाहीत, 360 अंशांचा कॅमेराही नाही. तेव्हा निघण्याआधी गाडीला पुढून एक फेरी मारायची सवय लावून घ्या, विशेषतः सोसायटीत लहान मुलं खेळत असतील तर.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे स्वतःचे काढायला दहा मिनिटं लागतात. सपाट जागी रोजच्यासारखी सीट लावून बसा. कुणाला तरी गाडीसमोर आडवी रांगोळीची रेघ ओढायला सांगा आणि सावकाश पुढे या. रेघ बॉनेटखाली गेली त्या क्षणी थांबा, हँडब्रेक ओढा, उतरून बंपरपासून रेघेपर्यंत टेपने मोजा. जमिनीवरच्या पट्ट्यापाशी किंवा कठड्याच्या पायाशी थांबताना हाच आकडा वापरायचा. भिंतीचा आकडा वेगळा निघेल, कारण भिंत उभी असते. त्यासाठी रेघेऐवजी उभा झाडू धरायला सांगा. चालकाच्या सीटला उंची कमी-जास्त करायची सोय नाही. उशी घेऊन बसत असाल तर उशीसकट मोजा, उशी काढली की आकडा बदलला.

डाव्या चाकाचा अंदाज याहून अवघड, पण जिमनीत तो लवकर बसतो. रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर डावं चाक बरोबर येईल अशी गाडी उभी करा आणि उजव्या सीटवरून तो पट्टा बॉनेटच्या पुढच्या कडेला कुठे भेटतो ते बघा. लोकांना तो अगदी डावीकडे असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बराच मधल्या बाजूला येतो. तिथे आठवडाभर मास्किंग टेपचा तुकडा राहू द्या. बंपरच्या कोपऱ्यावर लावायच्या काठ्या मिळतात, त्यांची या गाडीला गरज नाही. आणि बुलबार, म्हणजे बंपरपुढे लावायची धातूची चौकट, तर नकोच. डिसेंबर 2017 पासून केंद्र सरकारने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, शिवाय त्याने नाक पुढे सरकतं आणि बसवलेला सगळा अंदाज पुन्हा शून्यावर येतो.

बेसमेंटमध्ये भिंतीकडे नाक करून लावताना दिवेच मोजपट्टीचं काम करतात. लो बीम लावा. भिंतीवर दोन ठिपके पडतील. लांब असताना ते पसरट आणि खाली असतात. जवळ जाल तसे आक्रसतात आणि त्यांची वरची कड दिव्याच्या उंचीकडे चढत येते, कारण लो बीमचा झोत किंचित खाली झुकवलेला असतो. भिंतीपासून 30 सेंमीवर ठिपके केवढे दिसतात ते एकदा उतरून बघून ठेवा. जिमनीच्या दोन प्रकारांपैकी वरच्या, अल्फामध्ये एलईडी आहेत, त्यांची कड धारदार असल्याने हे लगेच जमतं. खालच्या, झेटाच्या हॅलोजनची कड भुरकट असते, थोडा सराव लागतो.

आता दुखरी बाजू. वळायला लागणारी त्रिज्या 5.7 मीटर. बलेनोची 4.85. म्हणजे पूर्ण वर्तुळात 1.7 मीटरचा फरक, आणि गाडी लांबीला तेवढीच! बलेनो जिथे एका दमात आत जाते तिथे जिमनीला एकदा मागे-पुढे करावं लागतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2590 मिमी आहे आणि पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, अखंड आहे, त्यामुळे चाकं फार वळत नाहीत. त्यात स्टिअरिंग जुन्या धाटणीचं, रिसर्क्युलेटिंग बॉल पद्धतीचं: जास्त फिरवावं लागतं आणि सोडलं की आपणहून झटकन सरळ येत नाही. पार्किंगमधून बाहेर पडताना ते हाताने सरळ करावं लागतं. विसरलात तर नाक शेजारच्या गाडीच्या दिशेने जातं. मागचं आतलं चाकही पूर्ण वळणात पुढच्यापेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त आत येतं. त्यामुळे नाक खांबापलीकडे गेलं की लगेच वळू नका. खांब तुमच्या खांद्याच्या मागे जाऊ द्या, मग वळवा.

मागची गोष्ट पुढच्याच्या अगदी उलट. मागच्या दारावरचं सुटं चाक (स्टेपनी) काचेच्या खालच्या भागात घुसतं आणि मागच्या सीटचे हेडरेस्ट उरलेली जागा खातात. आतल्या आरशातून एक आडवी फट दिसते, बस. रिव्हर्स सेन्सर 1 जुलै 2019 पासून सगळ्याच नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत आणि कॅमेराही आहे, पण एक खोच लक्षात ठेवा: सेन्सर बंपरमध्ये आहेत आणि चाक बंपरच्याही मागे येतं. मागे सलग भिंत असेल तर बीप नीट मिळतो. पण खाली मोकळं आणि वर अडथळा असेल, जसं टेम्पोचं फाळकं, जिन्याची तिरपी बाजू किंवा पुढे आलेला ओटा, तर सेन्सर गप्प राहतो आणि चाक जाऊन टेकतं. अशा ठिकाणी कॅमेऱ्याच्या रंगीत रेघांवरही भरवसा नको, त्या जमिनीवरचं अंतर दाखवतात.

मागचं दार बिजागरीवर बाजूला उघडतं, वर नाही. त्याला मागे मीटरभर मोकळं लागतं. पाच मीटर लांबीच्या खणात जिमनी लावली की उरतो साधारण एकच मीटर. म्हणून भिंतीकडे पाठ करून लावलीत तर सामान काढायला गाडी पुढे घ्यावी लागेल. नाक भिंतीकडे आणि पाठ वाटेकडे ठेवणंच इथे सोयीचं, आणि नशिबाने नाकाचाच अंदाज या गाडीत पक्का येतो.

टेस्ट ड्राइव्हची गाडी शोरूमसमोरच्या मोठ्या रस्त्यावर फिरवून परत करू नका. आपल्या सोसायटीत आणा, रॅम्पच्या वळणावर घाला, स्वतःच्या खणात लावा आणि मागचं दार पूर्ण उघडून बघा. यांत्रिक पार्किंग असेल तर पाटीवरची उंचीही वाचा. जिमनी 1720 मिमी आहे, सेडानसाठी केलेल्या पाळण्यात ती बसणार नाही.