गाडीतली घूं-घूं: बेरिंग बदलल्यानंतर एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम

आधी निकाल सांगतो. २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, लाखाच्या वर किलोमीटर झालेले, आणि पन्नासच्या पुढं गेलं की आतून एकसुरी घूं यायची. पुढच्या डाव्या चाकाचं बेरिंग बदललं आणि ती घूं गेली. त्यानंतर गाडीनं कोल्हापूरचा एक अख्खा पावसाळा काढला, ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं रांगत कागल, राधानगरी, गगनबावडा केलं, तरी आवाज परत आलेला नाही. गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. चाकाचं बेरिंग सगळ्याच गाड्यांना असतं आणि या वयात ते कुणाचंही बोलायला लागतं.

बेरिंग आणि मजुरी मिळून खर्च साडेतीन हजारांच्या आतबाहेर झाला. म्हणजे काम स्वस्तातलं. महाग पडणार होतं ते निदान. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपनं एक चक्कर मारून चारही टायर बदलायला सांगितले. दुसऱ्या एका ठिकाणी ‘गिअरबॉक्स उतरवून बघूया’ असं म्हणाले. ‘उतरवून बघूया’ म्हटलं की मी गाडीची किल्ली मागून घेतो. उतरवायची मजुरी आपण द्यायची आणि बघायचं त्यांनी, हा व्यवहार मला कधी पटला नाही.

टायरवाला मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नव्हता. मागचे दोन्ही टायर खाल्ले होते. नक्षीच्या ठोकळ्यांवरून हात एका बाजूनं फिरवला तर गुळगुळीत, उलट्या बाजूनं फिरवला तर करवतीसारखं लागायचं. असे टायर डांबरी रस्त्यावर अगदी बेरिंगसारखेच घुमतात. त्यात गाडी सिमेंटच्या रस्त्यावर गेली की आवाज आणखी वेगळा, कारण त्या रस्त्याला पकड मिळावी म्हणून आडव्या रेघा मारलेल्या असतात आणि त्यावर नवा टायरसुद्धा गातो. म्हणून पहिली अट ही की आवाज शोधायचा तर रस्ता एकच आणि डांबरी घ्यायचा. मी उजळाईवाडीपासून गोकुळ शिरगावच्या पुढं कागलकडं जाताना एक बरा पट्टा धरला होता. सहापदरीकरणाच्या कामामुळं जागोजागी डायव्हर्जन, त्यामुळं चांगला सलग रस्ता मिळाला तर तो सकाळी लवकरच.

पुढचे-मागचे टायर आपसात बदलून बघितले. रस्त्याचा खरखराट मागून पुढं आला, पण त्याच्याखालची घूं होती तिथंच राहिली. म्हणजे आवाज एक नव्हता, दोन होते, एकमेकांवर चढलेले. मला वाटतं बहुतेक लोकांची फसगत इथंच होते. टायर बदलले की निम्मा आवाज जातो, माणूस खूश होतो, आणि राहिलेल्या निम्म्याला ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देतो.

इंजिनाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढणं सोपं होतं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग धरून गाडी न्यूट्रल केली. इंजिन खाली आयडलवर आलं, घूं तशीच चालू, आणि गाडीचा वेग जसा उतरला तशी तीही उतरत गेली. म्हणजे तिचं नातं इंजिनाशी नाही, चाकांशी आहे. अल्टरनेटरचं बेरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, सायलेन्सरचं घुमणं, हे सगळं इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतं-उतरतं. त्यांना इथंच सुट्टी. पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली बारीक गुणगुणतो, पण तो गाडी उभी असतानाही ऐकू येतो. एक सूचना मात्र लिहूनच ठेवतो: हे करताना चावी बंद करायची नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंगही अडकू शकतं. आणि घाट उतरताना तर न्यूट्रलचं नावही नको.

मग प्रश्न राहिला कुठलं चाक. इथं घरात दोन पक्ष पडले. बायको मागच्या सीटवर बसून म्हणायची, “अहो, माझ्या बाजूलाच आहे, उजवीकडं मागं.” मला तो मधोमध, पायाखाली वाटायचा. आणि शेवटी निघाला पुढं डावीकडं. दोघांचेही कान ठीक आहेत, दोष आवाजाच्या जातीचा आहे. १६५/८० आर १४ या मापाचा टायर एका फेरीत साधारण १.९५ मीटर जातो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या मारतं. बेरिंगच्या कड्याला एक खळगा पडला की प्रत्येक फेरीत आतल्या अनेक लोखंडी गोळ्या त्यावरून जातात आणि सेकंदाला पन्नास-साठ ठोके तयार होतात. तोच आपल्याला घूं ऐकू येतो. साठ हर्ट्‌झच्या आवाजाची लाट हवेत साडेपाच मीटरहून लांब असते, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा मोठी. इतक्या लांब लाटेत डावा कान आणि उजवा कान यांच्यात कळण्याइतका फरकच उरत नाही. शिवाय तो आवाज हवेतून कमी आणि पत्र्यातून जास्त येतो. सीटच्या, फ्लोअरच्या ज्या भागाला तो सूर मानवतो तिथून तो बाहेर पडतो. तेव्हा ‘मला इकडून येतोय’ या साक्षीवर एकही पार्ट विकत घेऊ नये, साक्षीदार घरचा असला तरी.

याच हिशेबाचा आणखी एक त्रास असा की चार सिलिंडरचं इंजिन दोन हजार आरपीएमला सेकंदाला सदुसष्टच्या आसपास ठोके देतं. पाचव्या गिअरमध्ये साठच्या आसपास दोन्ही सूर एकमेकांच्या जवळ येतात आणि आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. मुलानं फोनवर आवाजाचा आलेख काढणारं ॲप लावलं तेव्हा दोन रेघा शेजारी-शेजारी स्पष्ट दिसल्या. न्यूट्रल केल्यावर एक खाली पडली, दुसरी जागेवर. ॲप लागतंच असं नाही, न्यूट्रलची चाचणी तेच सांगते. पण घरातल्या दोन पक्षांना गप्प करायला आलेख बरा पडला.

बाजू कळली ती वळणावर. गाडी उजवीकडं वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर येतं, डावीकडं वळते तेव्हा उजव्या. पन्हाळ्याच्या घाटात ही चाचणी जमत नाही, तिथं वेगच तेवढा नसतो. हायवेच्या लांब, अलगद वळणावर जमते. माझ्या गाडीत उजव्या वळणाला घूं जाड व्हायची आणि डाव्या वळणाला जवळजवळ मरायची. संशय डाव्या बाजूवर पक्का झाला. पण पुढचं की मागचं?

शिरोली एमआयडीसीत माझा एक मित्र फाउंड्रीत आहे. त्यांच्याकडं लांबून तापमान मोजायची गन असते, ती तो घेऊन आला. वीसेक किलोमीटर गाडी चालवली, शेवटी ब्रेक न लावता वेग हळूहळू मारत थांबवली (ब्रेक लावला की डिस्कची उष्णता सगळा हिशेब बिघडवते) आणि चारही हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गन धरली. मागची दोन सारखी. पुढचं डावं उजव्यापेक्षा चांगलंच गरम. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा आहे. कुणी ना कुणी ओळखीचा फाउंड्रीत, लेथवर किंवा पॅटर्न शॉपमध्ये असतोच.

शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडं गेलो तेव्हा मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांना स्वतः बघू दिलं. जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नाही. इथंच बरेच मेकॅनिक ‘बेरिंग ओके’ म्हणून चाक खाली सोडतात. यांनी सोडलं नाही. एका हातानं चाक फिरवलं, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि मला म्हणाले, “प्ले न्हाई हो ह्यात. पण हितं हात ठेवा की. लागतंय का बोटाला?” लागत होतं. बारीक करकर, स्प्रिंगमधून बोटापर्यंत येणारी. मग उजव्या बाजूला तेच केलं, तिथं स्प्रिंग थंड, गप्प. माझ्या मते सगळ्या शोधातली ही सगळ्यात भरवशाची खूण, आणि फुकटातली. बेरिंगमध्ये प्ले येतो तो खूप उशिरा. तोपर्यंत वाट बघितली तर पुढची पायरी चाक डुगडुगण्याची आणि हब जाम होण्याची आहे.

काम बघायला मी तिथंच थांबलो. माझ्या गाडीत पुढचं बेरिंग नकलमध्ये (हब धरून ठेवणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा लोखंडी भाग) दाबून बसवलेलं असतं, त्यामुळं नकल उतरवावी लागते आणि हायड्रॉलिक प्रेस लागते. हातोडीनं हे काम करणाऱ्यांकडं गाडी देऊ नये, एवढंच म्हणेन. हब प्रेसवर बाहेर काढताना जुन्या बेरिंगची आतली रिंग त्यालाच चिकटून बाहेर आली, ती ग्राइंडरनं चीर पाडून काढावी लागली. म्हणजे एकदा खोललेलं बेरिंग ‘साफ करून परत बसवू’ हा पर्यायच नाही. नवं बसवताना मिस्त्रींनी बाहेरच्या रिंगवर बसेल अशा मापाचं कडं घेऊन दाबलं. हे महत्त्वाचं. आतल्या रिंगवर जोर दिला तर तो गोळ्यांमधून जातो, बेरिंगच्या रिंगांवर बारीक खड्डे पडतात आणि नवंकोरं बेरिंग थोड्याच दिवसांत घूं करायला लागतं. मग दोष मालाला दिला जातो. सर्क्लिप (बेरिंग जागेवर अडकवणारी कडी) नवी, ॲक्सलचा नट नवा, आणि नट इम्पॅक्ट गननं न मारता, ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळला, गाडी जमिनीवर टेकवायच्या आधी. ज्यांच्या गाडीला एबीएस आहे त्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: बऱ्याच गाड्यांत बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती बाजू सेन्सरकडंच हवी. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं परत खोलावं लागतं.

जुनं बेरिंग हातात घेऊन मिस्त्रींनी ग्रीस बोटावर घेतलं. पिवळसर, पाण्यात कालवल्यासारखं. त्यांनी विचारलं, “साहेब, गाडी पुरात हुती काय?”

होती. २०२१ च्या जुलैत नागाळा पार्कात पाणी चढलं तेव्हा गाडी हलवेपर्यंत हब बुडाले होते. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं आणि पुणे-बेंगळुरू हायवेसुद्धा बंद पडला होता. चाकाच्या बेरिंगचं सील चिखल-पावसासाठी असतं, पाण्यात मुरत उभं राहण्यासाठी नाही. त्यातही चालून तापलेला हब पुराच्या गार पाण्यात गेला तर आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत ओढलं जातं. मिस्त्रींचं निदान मला पटतं, पण पूर्ण नाही. उजवं बेरिंग त्याच पाण्यात तितकाच वेळ होतं आणि ते ठणठणीत आहे. डाव्या चाकाच्या नशिबी रस्त्याच्या कडेचे खड्डे आणि तुटलेल्या साइडपट्ट्या जास्त येतात, त्याचाही हात असणार. ज्यांच्या गाड्या २०१९ किंवा २०२१ च्या पाण्यात उभ्या होत्या त्यांनी मात्र सर्व्हिसिंगला स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवायला जरूर सांगावं.

माल घेताना काळजी घ्यावी लागते, कारण बेरिंगमध्ये नकली माल भरपूर फिरतो. मी एसकेएफचं घेतलं, पक्क्या बिलावर. त्यांचं खरं-खोटं तपासायचं ॲप आहे, त्यातून खोक्याची खातरजमा केली. एवढे महिने झाले, अजून तक्रार नाही.

आता तक्रारी. नकल खोलली की अलाइनमेंट परत करावीच लागते. त्याचे वेगळे पैसे आणि वेगळी रांग. ते न करता गाडी तशीच चालवली तर पुढचे टायर खाल्ले जातात आणि नवी घूं जन्माला येते. दुसरं, बेरिंगची घूं गेल्यावर खाल्लेल्या टायरांचा खरखराट आधीपेक्षा मोठा वाटायला लागला, कारण त्याला झाकणारं काही उरलं नव्हतं. टायरवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझे १८ सालचे निघाले. टायर खायचं मूळ मागच्या शॉकअपमध्ये होतं, ते मेले की चाक रस्त्यावर उड्या मारत राहतं. दिवाळीआधी मागचे शॉकअप आणि चारही टायर बदलले. म्हणजे त्या मोठ्या वर्कशॉपनं सांगितलेला खर्च शेवटी झालाच, फक्त योग्य क्रमानं झाला. पहिल्यांदाच टायर घातले असते तर गरम होणारा हब त्यांच्या आवाजाखाली दबून तसाच फिरत राहिला असता.

सध्या गाडी सत्तरला इतकी शांत आहे की मागच्या डाव्या दाराच्या रबरातून येणारी वाऱ्याची शिट्टी ऐकू येते. रबर कडक झालंय, बदलायचं आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्री उजव्या पुढच्या स्प्रिंगवर हात ठेवून बघतात. ‘जोडीनं बदलून टाका’ असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण चांगलं चालणारं बेरिंग काढायचं म्हणजे ते मोडूनच काढायचं, आणि ते चालतंय तोवर मी त्याला प्रेसखाली पाठवणार नाही.